गोळीतील ‘निष्क्रिय’ द्रव्यांची जबाबदारी

पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर हातात पडणारी गोळी म्हणजे सगळे औषधच, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. थायरॉइडच्या विकारावरील 100 मायक्रोग्रॅमच्या गोळीचे वजन 100 मिलिग्रॅम धरले, तर तिच्यात औषध केवळ हजारावा भाग भरते. उरलेले 999 भाग दुधातील लॅक्टोज, मक्याचा स्टार्च, लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोज अशा पदार्थांचे असतात. औषधनिर्मितीच्या व्यवहारात त्यांना एक्सिपियंट म्हणतात. मराठीत पूरक द्रव्ये म्हणता येईल. ती ‘निष्क्रिय’ ठरली आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिली. हे दुर्लक्ष यापुढे परवडणारे नाही.

वास्तविक आपल्या वैद्यकपरंपरेला हा विचार नवा नाही. वैद्य औषधाबरोबर मध की तूप, कोमट पाणी की दूध, हे आवर्जून सांगत. अनुपान चुकले तर औषधाचा गुण येत नाही, ही त्यामागील जाण होती. आधुनिक गोळीत हे अनुपान आतच कोंडलेले असते. लॅक्टोज व सेल्युलोज गोळीला आकारमान देतात. पोव्हिडोनसारखी द्रव्ये कण बांधून धरतात. काही द्रव्ये पोटात पाणी शोषून गोळी फोडतात. आणि मॅग्नेशियम स्टिअरेट भुकटीला यंत्राच्या साच्याला चिकटू देत नाही. हे शेवटचे द्रव्य बहुधा शेकडा एक किंवा त्याहूनही कमी घालतात. परंतु ते जास्त झाले किंवा फाजील घोटले गेले, तर कणांवर मेणचट थर बसतो आणि गोळी विरघळण्यास विलंब लागतो. पिठात मीठ किती, याला जे महत्त्व तेच येथेही आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा होण्याचे कारण म्हणजे गोळ्या बनविण्याची बदलती रीत. आजवरची रूढ रीत घाण्याघाण्याने माल काढण्याची. मिश्रण करावे, थांबावे, तपासावे, मग पुढची पायरी. नव्या अखंड पद्धतीत एका टोकाने भुकटी आत जाते आणि दुसऱ्या टोकाने गोळ्या सतत बाहेर पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये अशा पद्धतीच्या एका नव्या औषधाला प्रथम मान्यता दिली. 2016 मध्ये एका जुन्या औषधाला घाण्याची पद्धत सोडून या पद्धतीकडे वळण्याची मुभा मिळाली. आयसीएच या आंतरराष्ट्रीय निकष ठरविणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर 2022 मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका स्वीकारली.

या यंत्रणेचे मर्म पारनेरच्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. ज्वारी पेरताना पाभरीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्याचा हात अडखळला, तर तासात कुठे दाटी, कुठे खाडे पडतात. अखंड पद्धतीतील चाडे काट्यावर बसविलेले असते. क्षणाक्षणाला घटणारे वजन मोजून यंत्र भुकटीची धार कमीजास्त करते. पण भुकटीच दमट, हलकी किंवा गुठळ्या धरणारी असली, तर काट्याचाही इलाज खुंटतो. दोन पुरवठादारांचे सेल्युलोज शुद्धतेच्या कसोटीला सारखेच उतरूनही धारेला निराळे असू शकते. शुद्धता हा एक गुण, वर्तन हा दुसरा. जेथे थांबून तपासण्याची उसंत कमी, तेथे दुसऱ्याचे मोल पहिल्याइतकेच ठरते.

परंतु वर्तनाची चिकित्सा करण्यापूर्वी शुद्धतेची तरी खात्री हवी, आणि महाराष्ट्राचा अनुभव येथे कटू आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. एरवी पूरक द्रव्य म्हणून वापरले जाणारे ग्लिसरीन तेथे औषध म्हणून दिले गेले होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासनापर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, 2025 मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तपासणीत त्या औषधात तेच विष शेकडा 48.6 इतके आढळले. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांना पूरक द्रव्यांच्याही प्रत्येक घाण्याची तपासणी करविण्याची आठवण राज्यांना करून द्यावी लागली. जी गोष्ट नित्याची असावयास हवी, तिची आठवण द्यावी लागणे हेच दुखणे आहे.

छोट्या कारखानदारांना हा खर्च झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच शासनाने त्यांच्यासाठी सामाईक तपासणीची सोय उभी करावी. सरकारी खरेदीत केवळ नीचतम दर न पाहता पूरक द्रव्य कोठून आले, कोणी तपासले याचीही नोंद मागावी. आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भुकटीच्या गुणधर्मांचे शिक्षण प्रत्यक्ष प्रयोगांतून मिळावे. सवलत द्यावयाची तर ती खर्चात द्यावी, तपासणीत नव्हे.

सधन रुग्ण हवे ते नाव पाहून औषध घेऊ शकतो. खिडकीवर मिळेल ती गोळी घेणाऱ्याला ती निवड नसते. तो हजारावा भाग नव्हे, सबंध गोळी गिळतो. त्या सबंध गोळीची हमी त्याला मिळाली पाहिजे.