विंबल्डनच्या नोंदींतील ‘मिस् एल्. राव’

लॉन टेनिसशीं जुन्या पोथ्यांच्या संग्राहकांस काय कर्तव्य, असें कित्येक वाचक म्हणतील. परंतु विंबल्डनच्या सामन्यांच्या याद्यांत मुंबईच्या एका विद्वत्कुलाचें नांव दडलेलें आहे, व त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळें एक अशुद्ध विधान रूढ होत आहे. तेवढ्यापुरताच हा लेख.

विंबल्डनची स्पर्धा लंडनच्या उपनगरांत इ. स. १८७७ सालीं सुरू झाली. त्या वर्षीं २२ पुरुषांनीं नांवें दिलीं. स्त्रियांस १८८४ पासून प्रवेश मिळाला. पुढें पन्नास वर्षांनीं, १९३४ सालीं, मुंबईंत जन्मलेल्या लीला राव यांनीं पहिल्या फेरींत ग्लॅडिस साउथवेल यांस हरविलें. विंबल्डनला सामना जिंकणारी ही पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरींत इडा अदामॉफ यांनीं त्यांस हरविलें, परंतु त्यासाठीं तीन डाव खेळावे लागले. अखिल भारतीय अजिंक्यपदही लीलाबाईंनीं १९३१ ते १९४३ या काळांत अनेकदां मिळविलें.

असें असतां, चार प्रमुख स्पर्धांपैकीं एकींत एकेरी सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून निरुपमा वैद्यनाथन् (ऑस्ट्रेलिया, १९९८) यांचें नांव सांगण्यांत येतें. निरुपमाबाईंचा विजय थोर खराच. पण ‘१९६८ नंतरच्या खुल्या स्पर्धांच्या काळांत’ हें विशेषण त्यास अवश्य जोडलें पाहिजे. विशेषण गळालें कीं चौसष्ट वर्षें गळतात.

आमच्या वाचकांस या घराण्याची ओळख निराळ्या वाटेनें आहे. लीलाबाईंचे मातामह शंकर पांडुरंग पंडित. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादक ते हेच. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्यासमवेत देहू, तळेगांव, कडूस, पंढरपूर येथील वह्या ताडून तुकोबांची गाथा (१८६९, १८७३) सिद्ध करणारेही तेच. मातोश्री पंडिता क्षमाबाई राव यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ सालीं पॅरिसला छापली गेली. पित्याचें चरित्रही त्यांनीं ‘शंकरजीवनाख्यान’ या संस्कृत काव्यांत गाइलें. त्या स्वतः टेनिस खेळत. गीर्वाणवाणी आणि टेनिस एकाच घरीं नांदावीं, हें आम्हांस तरी मोठें मौजेचें वाटतें. लीलाबाईंनीं पुढें आईच्या कथांचीं संस्कृत नाट्यरूपें केलीं व ‘नृत्तमंजरी’ हा नृत्यविषयक ग्रंथही लिहिला.

घोटाळा होतो तो नांवाचा. रोमन लिपींत हें कुल आपलें नांव ‘आर-ओ-डब्ल्यू’ असें लिही; त्याचा उच्चार न जाणणारा ‘रो’ असें वाचतो. शिवाय १९४३ सालीं हरीश्वर दयाल यांच्याशीं विवाह झाल्यावर नाटकें व ग्रंथ ‘लीला राव दयाल’ या नांवानें निघाले. त्यामुळें ग्रंथसूचींत दयाल, क्रीडानोंदींत ‘रो’, आणि व्यक्ति मात्र एकच. सूचीकारांनीं दोन्ही ठिकाणीं परस्परनिर्देश द्यावा. गिरगांव-दादरकडील जुन्या घरांतून १९४३ पूर्वीचीं टेनिसचीं छापील पत्रकें रद्दींत निघालीं, तर तीं फेंकण्यापूर्वीं त्यांवर ‘मिस् एल्. राव’ हीं अक्षरें आहेत काय, एवढें संग्राहकांनीं पाहावें.