कर्मचाऱ्यांची समाजसेवा : कायदा आणि व्यवहार

व्याख्या : कंपनीच्या अनुमतीने व साहाय्याने, कधी पगारी वेळात तर कधी सुट्टीच्या दिवशी, कर्मचाऱ्यांनी परिसरातील लोकांसाठी स्वेच्छेने केलेले काम.

कायदा : कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५, अंमल १ एप्रिल २०१४ पासून. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, आणि त्यात आपल्या आसपासच्या मुलुखास प्राधान्य द्यावे, अशी तरतूद आहे.

भेद : कर्मचाऱ्यांच्या सेवेची पैशात किंमत करून ती या खर्चात जमा धरता येत नाही. एखाद्या लेखापालाने शनिवारची दुपार खर्चून गावच्या बालवाडीची कीर्दखतावणी लावून दिली, पावत्या तारीखवार टाचून दिल्या, तरी त्यापोटी एक पैही त्या दोन टक्क्यांत मांडली जात नाही. ते दान सर्वस्वी त्याचेच, हे आवर्जून ध्यानी घ्यावे.

उदाहरण : टाटा समूहाचा ‘टाटा एंगेज’ उपक्रम, आरंभ २०१४. स्वयंसेवा सप्ताह वर्षातून दोनदा : जमशेटजी टाटांचा जन्मदिन (३ मार्च) आणि आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन (५ डिसेंबर) यांच्या सुमारास.