अंतर्गळ : संकोचाची किंमत

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून भिलाई हे कष्टकऱ्यांचे नगर आहे. आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीत जांघेतील गाठ ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. पोटाच्या भित्तीतील दुबळ्या जागेतून आतडे खाली उतरते, तोच अंतर्गळ. आडवे होताच गाठ आत जाते; म्हणून माणूस लाजेने व खर्चाच्या भीतीने वर्षानुवर्षे गप्प राहतो. पट्ट्याने गाठ केवळ दबते, भोक बुजत नाही. पुढे कधीतरी आतडे त्या अरुंद वाटेत अडकते; ओकाऱ्या व पोटफुगी सुरू होते. रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच आतडे सडू लागते आणि प्राणावर बेतते. गाठ एकाएकी घट्ट व दुखरी होऊन आत जाईनाशी झाली, तर ती दाबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

खर्चाचे म्हणाल, तर दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर व सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या स्वस्त कापडाने केलेल्या शस्त्रक्रियांचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया केव्हा करावी, हे शल्यवैद्याने ठरवावे. रोग्याच्या संकोचाने नव्हे.