कोसळलेल्या डोंगराचं गाव

रोकफोर-स्यूर-सुलझों हे गाव ज्या ‘रोकफोर’ चीजमुळे जगाला माहीत झालं, त्या चीजचं दूध गावात निघत नाही. मेंढ्या चरतात आसपासच्या पठारांवर, आणि दुधाचं चीज बनतं ते बहुतेक बाहेरच्या डेअऱ्यांत. गावात येतो तो पांढराफटक, चव न धरलेला गोळा. गाव तो फक्त मुरवतं. लोणचं मुरवावं तसं, अंधारात आणि गारव्यात. सहा शतकं या गावाचा संसार या मुरवण्यावर चालला आहे.

हे गाव दक्षिण फ्रान्सच्या आवेरों जिल्ह्यात आहे. वस्ती हजाराच्याही आत. कोंबालू नावाच्या डोंगराच्या कड्याला घरं अशी बिलगून उभी आहेत की, कड्यापासून त्यांना वेगळं काढता येऊ नये. ‘रोकफोर’ म्हणजे बळकट खडक. गावाचं पोट मात्र भरतं ते कोसळलेल्या खडकावर.

कोंबालू चुनखडीचा आहे आणि चुनखडीच्या खाली चिकणमातीचे थर आहेत. पावसाचं पाणी चुनखडीतून झिरपत खाली गेलं, माती भुसभुशीत झाली आणि प्रागैतिहासिक काळात केव्हातरी डोंगराची एक बाजू घसरून ढासळली. सुमारे २ किलोमीटर लांबीचा धोंड्यांचा ढिगारा पायथ्याशी पडला. दगडावर दगड पडताना आत पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांना डोंगराच्या पोटातल्या लांबलचक भेगा जोडलेल्या राहिल्या. स्थानिक लोक या भेगांना ‘फ्लरीन’ म्हणतात. बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या तापमानातल्या फरकामुळे फ्लरीनमधून सतत झुळूक वाहते. ओल्या खडकाला घासून येताना ती गार आणि दमट होते. गुहांमध्ये वर्षभर ८ ते १२ अंश तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहते ती या वाऱ्यामुळे. गावकऱ्यांनी या पोकळ्यांत तळघरं बांधली, एकाखाली एक मजले उतरवले आणि फ्लरीनच्या तोंडाला दारं बसवली. हवा जास्त झाली की दार लोटायचं, कमी पडली की उघडायचं.

याच गुहांत एक निळसर-हिरवी बुरशी राहते. विज्ञानानं तिला गावाचंच नाव दिलं : पेनिसिलियम रोकफोर्टी. तिला वाढवण्याची जुनी रीत आहे पावाची. राय धान्याचे मोठे पाव कडक भाजून गुहेत ठेवायचे. दोनेक महिन्यांत बुरशी आतला सगळा गर खाते. मग तो वाळवून त्याची भुकटी करायची. हेच चीजचं विरजण. आज बुरशीचे वाण प्रयोगशाळेत जपले जातात, तरी पावावर बुरशी वाढवणारे घरंदाज कारागीर अजून आहेत आणि ते टिकावेत असं मला मनापासून वाटतं. प्रयोगशाळा बुरशी सांभाळेल. पाव केव्हा पुरता ‘झाला’, हे ओळखणारी नजर माणसातच तयार होते.

मेंढीच्या कच्च्या, न तापवलेल्या दुधाचं चीज मीठ चोळून आणि सुयांनी आरपार टोचून गुहेत आणतात. त्या भोकांतून हवा आत जाते आणि बुरशी श्वास घेते. अडीच-तीन किलोचे हे गोळे ओक लाकडाच्या फळ्यांवर रांगेनं ठेवतात. गुहेत किमान १४ दिवस उघडे राहिल्यावर ते कथिलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळायचे, म्हणजे बुरशीचा वेग मंदावतो. पुढं थंडाव्यात सावकाश मुरणं चालू राहतं. दूध विरजल्यापासून ९० दिवस व्हायच्या आत चीज विकता येत नाही. गोळे गुंडाळण्याचं आणि हाताळण्याचं काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केलं. त्यांना ‘काबानिएर’ म्हणतात. जाड लोकरीचे कपडे अंगावर चढवून दिवसभर त्या गारठ्यात त्यांचे हात चालत असत. रोकफोरचा इतिहास राजांच्या सनदांनी सुरू करायची पद्धत आहे. मला तो या हातांपासून सुरू करावासा वाटतो.

सनदा अर्थात आहेतच. १४११ साली सहाव्या चार्ल्स राजानं हे चीज मुरवण्याचा हक्क फक्त रोकफोरच्या रहिवाशांना दिला. १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायसभेनं नकली मालाविरुद्ध हुकूम काढला. १९२५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि उगमस्थानाच्या नावाचं संरक्षण मिळालेलं रोकफोर हे फ्रान्समधलं पहिलं चीज ठरलं. १९६१ मध्ये शेजारच्या मियो शहरातल्या न्यायालयानं निकाल दिला की, कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या चीजलाच हे नाव लावता येईल. म्हणजे कृती कुणीही उचलावी. नाव मात्र त्या ढासळलेल्या दगडांचं.

या नावावर पंचक्रोशीचं अर्थकारण उभं राहिलं. दूध देते लाकोन जातीची मेंढी. उन्हाळ्यात करपणाऱ्या, खडकाळ पठारांवर तग धरणारी. दूध चीजसाठी हवं म्हणून कोकरं लवकर कापली जात. त्यांच्या मऊ कातड्यांवर मियोमध्ये हातमोज्यांचा मोठा धंदा वाढला. एका गावच्या बुरशीनं दुसऱ्या गावचे शिवणकाम करणारे हात पोसले.

१९७१ मध्ये सरकारनं याच परिसरातल्या लार्झाक पठारावरचा लष्करी तळ ३ हजारांवरून १७ हजार हेक्टरपर्यंत वाढवायचं ठरवलं. ही मेंढपाळांची चराईची जमीन होती. १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. इथं आपल्या वर्ध्याचा धागा येऊन मिळतो. १९३०च्या दशकात लांझा देल व्हास्तो नावाचा इटालियन तरुण वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला होता; गांधीजींनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं. पुढं तो लार्झाकजवळच्या डोंगरात आश्रम करून राहिला आणि १९७२ मध्ये या मेंढपाळांसाठी त्यानं १५ दिवसांचं उपोषण केलं. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी मेंढ्या थेट पॅरिसला, आयफेल टॉवरखाली नेऊन चारल्या. दहा वर्षं हातात शस्त्र न घेता लढा चालला आणि १९८१ मध्ये अध्यक्ष मितेराँनी तळविस्तार रद्द केला. सेवाग्रामची शिकवण फ्रान्सच्या मेंढवाड्यांत इतकी खोल रुजली, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

त्याच पठारावर मेंढ्या पाळणारा जोझे बोव्हे १९९९ मध्ये जगभर गाजला. युरोपनं संप्रेरकं दिलेलं गोमांस नाकारलं, म्हणून अमेरिकेनं रोकफोरवर १०० टक्के आयातशुल्क लादलं. गोमांसाच्या भांडणात झळ बसली मेंढपाळांना. त्याचा निषेध म्हणून बोव्हे आणि त्याच्या साथीदारांनी मियोमध्ये बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड्स उखडलं.

आज नाव लावण्याचा हक्क असलेले उत्पादक मोजून सात आहेत. सगळ्यात मोठा ‘सोसिएते’ हा छाप लाक्तालिस या बलाढ्य दूधकंपनीच्या मालकीचा आहे. बाकीच्यांत काही छोटी घराणी आहेत. फ्रान्समध्ये खप कमी होतो आहे, तरुणांना सौम्य चव हवी आहे. २०१९ मध्ये ‘सोसिएते’नं पाश्चराइज्ड दुधाचं, रोकफोरसारखं दिसणारं निळं चीज बाजारात आणलं, तेव्हा मूळ नावाचे पाठीराखे खवळले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. सारखेपणा विकत मिळू लागला की नव्वद दिवस थांबायला कोण तयार होईल?

गुहेत मात्र परीक्षा जुन्याच पद्धतीनं होते. मुरवणारा कारागीर पोकळ सळई गोळ्यात खुपसतो, फिरवून बाहेर काढतो. सळईत चीजची बारीक कांडी येते, पांढऱ्यावर निळ्या शिरा. तो ती हुंगतो, टोकाचा कण चाखतो आणि उरलेली कांडी पुन्हा त्याच भोकात बसवून वरून अंगठ्यानं दाबतो. मग पुढचा गोळा.