मातीखालचे शंभर फूट

थंड मुलखातली ऊब : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण घराबाहेरची लाकडाची भट्टी पाहिली. मधोमध जळणाचा कप्पा, त्याच्याभोवती पाण्याची टाकी आणि वर धुराडं. मिनेसोटाच्या उत्तर भागात शेतघरांच्या अंगणात अशा भट्ट्या जागोजागी दिसतात. धूर, राख आणि लाकडाचा कचरा बाहेरच राहावा म्हणून ती घरापासून लांब बसवतात. तिच्यातलं सुमारे ८० अंश सेल्सियसचं पाणी जमिनीखालच्या पाइपमधून तळघरात येतं, तिथे उष्णता देतं आणि दुसऱ्या पाइपने परत जातं. भट्टी घेताना लोक महिनोन्‌महिने चौकशी करतात. पाइपची खरेदी मात्र उरलेल्या पैशांत उरकतात, आणि घात तिथेच होतो.

आधी हिशेब मांडू. समजा, पाइपमधून मिनिटाला ४० लिटर पाणी वाहतंय. भट्टीतून निघताना ते ८० अंश होतं आणि तळघरात पोचलं तेव्हा ७९. एकाच अंशाचा फरक, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना ४.२ किलोज्यूल उष्णता सोडतं. म्हणजे इथे सतत पावणेतीन किलोवॉटहून जास्त उष्णता मातीत चालली आहे. दिवसाला ६७ युनिट. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण ४ युनिट ऊर्जा असते आणि साध्या भट्टीत त्यातली निम्मी पाण्यात उतरली असं धरू. तर रोज तेहतीस-चौतीस किलो लाकूड फक्त अंगणातली माती तापवायला जळतं. पाच महिन्यांच्या थंडीत ते पाच टनांच्या घरात जातं. हे लाकूड कोणीतरी तोडलेलं, फोडलेलं, रचून वाळवलेलं असतं. परतीच्या पाइपमधली गळती यात धरलेलीच नाही.

ही उष्णता चोरणारं खरं कोण? थंडी असं उत्तर पटकन येतं. पण कोरडी माती फार उष्णता ओढत नाही. खरा शत्रू आहे पाणी. पाइपभोवतीच्या पॉलियुरेथेन फोमच्या तुलनेत पाणी वीसपटीहून अधिक सहज उष्णता वाहून नेतं. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी चरात उतरतं, चिकणमातीत तर ते आठवडेच्या आठवडे साचून राहतं. आवरणात ते शिरलं की ओल्या गोधडीत ऊब राहावी अशी अपेक्षा करण्यासारखं होतं.

स्वस्तातल्या पाइपमध्ये नेमकं हेच घडतं. काळ्या, नालीदार, पोकळ प्लास्टिकच्या नळीत दोन पाइप आणि त्यांच्याभोवती चंदेरी बुडबुड्यांच्या कागदाची गुंडाळी, अशी त्याची रचना. ऑक्टोबरमध्ये असाच एक जुना पाइप उकरताना मी पाहिला. बाहेरची नळी करवतीने कापताच आतून कोमट, गढूळ पाणी भळाभळा बाहेर आलं आणि चराच्या तळाशी वाफ धरली. चंदेरी गुंडाळी लगद्यासारखी हातात येत होती. त्या घरच्यांना आधीच्या हिवाळ्यात खूण मिळाली होती: सगळ्या अंगणात बर्फ आणि भट्टीपासून घरापर्यंत सरळ रेषेत उघडी पडलेली जमीन. असा पट्टा दिसला की पाइप आजारी आहे, असं खुशाल समजावं.

चांगल्या पाइपमध्ये आतल्या पेक्स नावाच्या प्लास्टिकच्या नळ्यांना फोम चिकटून भरलेला असतो आणि त्या फोमला बाहेरचं प्लास्टिकचं कवच घट्ट धरून असतं. मध्ये पोकळीच नाही. कुठे टवका उडाला तरी पाणी पुढे धावत नाही, तेवढ्याच जागी अडतं. डेन्मार्कमध्ये बहुतेक घरांना गावाच्या सामाईक उष्णताकेंद्रातून गरम पाणी मिळतं. तिथल्या लोखंडी वाहिन्यांच्या फोममध्ये तांब्याच्या बारीक तारा घातलेल्या असतात, कारण ओल शिरली की लगेच कळलं पाहिजे. पूर्ण शहरं अशा वाहिन्यांवर चालवणारे लोक ओलीपासून इतकं जपतात, मग आपण अंगणातल्या शंभर फुटांवर पैसे वाचवू नयेत.

आता खणण्याकडे. कुदळ मारण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणाऱ्या सेवेचा ८११ हा क्रमांक फिरवायचाच. मिनेसोटात सुट्टीचे दिवस सोडून किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. मग माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा म्हणजे पिण्याचं पाणी. सेवा फुकट आहे. मात्र घरमालकाने स्वतः टाकलेल्या वाहिन्या ते दाखवत नाहीत. त्या आपल्याच आठवणीतून काढाव्या लागतात.

चर किती खोल? मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत पाया उत्तरेत ५ फूट आणि दक्षिणेत साडेतीन फूट खोल लागतो, कारण तिथवर जमीन गोठते. गरम पाण्याचा पाइप साधारण दोन फुटांवरही चालतो, कारण पाणी सतत फिरतं. वीज गेली, पंप थांबला आणि कडाका असला तर मात्र हीच उथळ खोली अंगाशी येते. वारंवार वीज जाणाऱ्या भागात पाणी गोठू नये म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात किंवा पंपाला जनरेटरची जोड देतात. पाणी साचणारी जमीन असेल तर तळाशी खडी आणि निचऱ्याची नळी घालून पाण्याला उताराकडे वाट द्यावी. रस्त्याखालून जाताना पाइप अधिक खोल आणि मोठ्या नळीत घालून न्यावा.

जमिनीखाली सांधा ठेवू नये, यावर माझं मत ठाम आहे. भट्टीच्या पायापासून तळघराच्या भिंतीच्या आतपर्यंत एकच सलग पाइप हवा. म्हणून मोजमापात दोन्ही टोकांना काही फूट जास्त धरून मागवावा. वेटोळं उन्हात पसरून ठेवलं की पाइप नरमतो आणि वळणं सहज घेतो. गारठ्यात तो ऐकत नाही. तापल्यावर पेक्स लांबतोही: शंभर फूट मोकळी नळी दहा अंशांनी तापली तर जवळपास पाच सेंटीमीटर वाढते. त्यामुळे भिंतीच्या आतली टोकं नीट बांधून घ्यावीत. दोन्ही टोकांवर रबरी टोप्या बसवाव्यात आणि भिंतीतल्या भोकाभोवतीची जागा पाणबंद करावी, नाहीतर चरातलं पाणी थेट तळघरात येतं.

बुजवण्याआधी पाइपमध्ये दाब भरून तो टिकतो का ते बघायचं. पंपाच्या विजेची आणि थर्मोस्टॅटची तार वेगळ्या नळीतून, गरम पाइपपासून अंतर राखून त्याच चरात जाऊ द्यावी. पाइपच्या खाली-वर वाळू, मग माती, आणि वरच्या थरात धोक्याची पट्टी.

पुढच्या लेखात हे पाणी तळघरात पोचल्यावर पुढे काय होतं ते पाहू. तोवर ज्यांच्याकडे अशी भट्टी आहे त्यांनी एक काम करावं: पाइपच्या दोन्ही टोकांना तापमापक लावून फरक मोजावा आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. एक अंश किंवा त्याहून जास्त फरक दिसला, तर उन्हाळ्यात चर पुन्हा उघडण्याची तयारी करा.