महाबळेश्वर कसे पाहावे



महाबळेश्वर पाहिले नाही असा माणूस आपल्या भागात आता विरळाच. लग्न झाले की महाबळेश्वर, पाहुणे आले की महाबळेश्वर, आणि शाळेची सहल निघाली की पुन्हा महाबळेश्वरच. मी स्वतः तिथे पहिल्यांदा गेलो तो सातवीत असताना. परत आल्यावर गुरुजींनी निबंध लिहायला लावला. घोडा, जॅमची बाटली आणि वेण्णा तलावातली होडी यांवर मी दोन पाने भरली. वही परत आली तेव्हा खाली तांबड्या शाईने एवढेच लिहिले होते : "कृष्णा कुठे गेली?"

आमचे गाव माण तालुक्यातले. वर्षाकाठी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. चैत्र लागला की टँकरची वाट पाहायची आणि घागरींची रांग लावायची. अशा गावचा पोरगा नदीच्या उगमावर उभा राहून आला, आणि त्याला आठवला तो घोडा! तो तांबडा शेरा मला अजून बोचतो. म्हणून आज मी आपल्याशी बोलणार आहे ते महाबळेश्वरात काय काय आहे यापेक्षा ते पाहावे कसे, यावर.

पुण्याहून निघालात तर साधारण एकशेवीस किलोमीटरांचा रस्ता. सुरूरला सातारचा हमरस्ता सोडायचा आणि वाईकडे वळायचे. वाईला तासभर तरी उतराच. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती सगळेच पाहतात. शिक्षकमंडळींनी मात्र मुलांना हेही सांगावे की आपला मराठी विश्वकोश याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली आकाराला आला. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. मग पसरणीचा घाट. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. घाट चढून वर आले की पाचगणी. पाच गावांच्या मधली म्हणून पाचगणी. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट ही ती पाच गावे. इथले टेबललँड हे आशियातले दुसरे की तिसरे असे वाटाडे सांगतात. आपण नंबर सोडून द्यावा आणि खाली वाकून दगड पाहावा. त्या दगडाकडे मी पुन्हा येणारच आहे.

वाईपासून महाबळेश्वर रस्त्याने जेमतेम तीस किलोमीटर. पण तेवढ्यात आकाश किती बदलते पाहा. वाईला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. पाचगणीला त्याच्या दुपटीहून अधिक. आणि महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर! म्हणजे पावसाचे पाणी वाहून न जाता जागच्या जागी साठले, तर अठरा-वीस फूट चढेल. बैठे घर कौलांसकट बुडेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या कॉलेजातली मुले घेऊन मी गेलो होतो. त्यांत आटपाडीकडचा एक मुलगा होता. त्याने सरळ विचारले, "सर, इथं एवढा पडतो, मग आमच्याकडं यायला त्याला काय होतं?" प्रश्न विनोदाचा वाटतो, पण त्यात त्याच्या बापाच्या शेताचे सारे दुखणे होते.

उत्तर असे. चुलीवर पाण्याचे पातेले उकळत असते. वर थंड झाकण ठेवले की वाफ त्याला लागते, निवते आणि थेंब होऊन गळते. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा अरबी समुद्रावरची अशीच वाफ घेऊन येतो. कोकणची पट्टी ओलांडली की त्याच्या वाटेत सह्याद्रीची भिंत उभी राहते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंच. वाऱ्याला पुढे जायचे तर ही भिंत चढावीच लागते. चढता चढता हवा थंड होते, वाफेचे थेंब होतात आणि ओझे इथेच खाली पडते. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. वाईला तिच्या झोळीत थोडे उरते. फलटण, माण, आटपाडीपर्यंत पोहोचते ती जवळजवळ रिकामी झोळी. डोंगराने अडवले म्हणून इथे पडतो, आणि इथे पडतो म्हणूनच तिकडे पडत नाही.

ही भिंत डोळ्यांनी पाहायची असेल तर ऑर्थर सीटला जावे. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते. पायाखाली एकदम सावित्रीची खोल दरी, पलीकडे कोकण. पश्चिमेला कडा तुटलेला, पूर्वेला उतार मंद. सह्याद्रीची सारी घडण एका नजरेत येते. इथे लोक बाटलीची बुचे दरीत फेकतात, आणि ती वाऱ्याने उलटून वर आली की टाळ्या पिटतात. वारा कड्यावर आपटून वर चढतो म्हणून हे घडते. चढणारा वारा म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. मात्र बूच न टाकता एखादे वाळके पान टाकावे. दरीत बुचांची रास काय थोडी झाली आहे?

परतीच्या वाटेवर जुने महाबळेश्वर लागते. त्याला क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात आणि मूळ गाव तेच. इथे पंचगंगेचे देऊळ आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात इथे पहिले बांधकाम केले अशी परंपरा आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे झरे या देवळात शेजारी शेजारी झरतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, अशी श्रद्धा आहे. जवळचे कृष्णाबाईचे देऊळ मात्र बरेच लोक चुकवतात. काळ्या दगडाचे जुने शांत देऊळ आहे. ते चुकवू नये.

एकाच डोंगरावर जन्मलेल्या या बहिणी, पण सासरी गेल्या त्या कुठल्या कुठे. सावित्री कड्यावरून उतरते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. कृष्णेपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरच. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते. वेण्णेला माहुलीस आणि कोयनेला कऱ्हाडास बरोबर घेत, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा सुमारे चौदाशे किलोमीटरांचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेची तर निराळीच कथा. निसर्गाने तिला पूर्वेकडे धाडले. माणसाने धरण बांधून तिचे बरेच पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवले, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडून दिले. आज आपल्या घरात जो दिवा लागतो, त्यात कुठेतरी हा डोंगर आहे. तापोळ्याला गेलात तर कोयनेचा हा जलाशय दिसेल. त्याखाली कितीतरी गावांची शेते गेली, हेही मुलांना सांगावे.

आता दगडाची गोष्ट. सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, त्याचा हा कातळ. पण माथ्यावर तांबडा, सच्छिद्र दगड आहे. तो जांभा. ऊनपावसाने लक्षावधी वर्षे काळ्या कातळाला कुजवले, पाण्यात विरघळणारे द्रव्य धुऊन नेले, लोखंडाचा गंज मागे उरला. तो जांभा झाला. हा दगड स्पंजासारखा पाणी पितो. वर झाडी, पालापाचोळा, खाली जांभा आणि त्याखाली कातळ अशी मांडणी असली की पावसाचे पाणी मुरते, कातळावर अडते आणि हळूहळू झऱ्याने बाहेर येते. उन्हाळ्यातही झरे झुळझुळतात ते यामुळे.

झाडी तुटली, पठार तुडवले गेले, वर सिमेंट पसरले की पाणी मुरतच नाही. आले तसे दरीत उतरते. एवढ्या पावसाच्या मुलखात, डोंगरउतारावरच्या वाड्यांतल्या बायांना एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडा घेऊन लांब जावे लागते. माझ्या माणदेशातली घागरींची रांग मला तिथे पुन्हा दिसली तेव्हा मी चाट पडलो. केंद्र सरकारने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामागे काळजी हीच आहे. त्याने गावकऱ्यांना घर वाढवणेही अवघड होते अशी तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण झरे आटले तर हॉटेलही चालणार नाही आणि शेतही.

इतिहास इथे भरपूर आहे. मी थोडक्यातच सांगतो. महाबळेश्वरपासून प्रतापगड वीस-पंचवीस किलोमीटर. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली आणि हा गड उभारायला घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. त्याआधी खानाचा तळ वाईच्या मोकळ्या मैदानात होता. तिथून त्याला या दाट जावळीत उतरवले, तिथेच निम्मी लढाई जिंकली. ज्या घाटाने ते सैन्य उतरले त्याचे नाव रडतोंडीचा घाट. नावातच सगळे आले! गडावरून खालची दरी पाहिली की हत्ती, तोफा आणि मोठी फौज इथे का निरुपयोगी ठरली, ते पुस्तकाशिवाय कळते. गडावरच्या महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

इंग्रजांचे गाव पुढचे. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी इथे चढून आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ साली करार केला, खंडाळा गाव देऊन ही जागा घेतली आणि पेठ वसवली. तीच माल्कम पेठ. वेण्णा तलाव मात्र इंग्रजांचा नव्हे, तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवला. मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदीही इथे ठेवले होते. त्यांनी रस्ते केले, आणि बटाटा व विलायती भाज्यांची लागवड इथे रुजवली. केट्स पॉइंटला नाव आहे ते माल्कमच्या मुलीचे. तिथून कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी सुरेख दिसते.

शेतकरी बंधूंनी पॉइंट दोन कमी पाहावेत आणि स्ट्रॉबेरीचे एक शेत पाहावे. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाफे, ठिबक आणि आच्छादन यांची मांडणी शिकण्यासारखी आहे. मांघर गावात मधमाश्या पाळतात. २०२२ साली ते मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सातेरी माशीची पेटी आपल्याकडच्या बांधावरही बसू शकते, हे तिथे समजून घ्यावे. शिक्षकांनी भिलारला मुक्काम करावा. हे पुस्तकांचे गाव २०१७ पासून आहे. लोकांच्या ओसरीवर, घरांत, देवळांत पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचावे. आमची मुले तिथून उठायला तयार नव्हती, आणि गाडीवाला खोळंबला होता.

जायचे कधी? मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत गर्दी फार. ऑक्टोबरची शाळा सुरू असतानाची एखादी आठवड्यातली तारीख साधली तर ओढे वाहते असतात, लिंगमळ्याचा धबधबा भरलेला असतो आणि हवा स्वच्छ. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी त्या वर्षी फुलली असेल, तर डोंगर जांभळा दिसेल. जुलै-ऑगस्टात धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि दरड पडते. मुलांना तेव्हा नेऊच नये. कड्यावर कठड्याबाहेर कोणाला जाऊ देऊ नका. माकडांना खायला घालू नका. दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. संध्याकाळी गारठा एकदम पडतो, तेव्हा प्रत्येकाजवळ स्वेटर हवाच. आणि परतीचा पसरणीचा घाट उजेड आहे तोवर उतरावा, म्हणून साडेचारच्या आत महाबळेश्वर सोडा.