ओसरीवरचा शहाणा डबा

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक येमाई देवी आणि दुसरी तमाशा. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशाच्या फडांचे तळ, पालातले दिवे, रात्र-रात्र चालणारे वग हे सगळे इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. अशा या गावाच्या शिवारात आता विजेवरच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. त्यात नवल काही नाही. रांजणगाव इथून फार लांब नाही आणि टाटांची नेक्सॉन ही मोटार तिथल्याच कारखान्यात तयार होते. तिची विजेवरची बहीण २०२० च्या जानेवारीत बाजारात आली आणि तेव्हापासून तालुक्यातल्या पोरांच्या बोलण्यात पेट्रोलच्या जोडीला युनिटचा हिशेब आला.

माझा भाचा त्यातलाच एक. रांजणगावच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातो. घर गावठाणात नाही, वस्तीवर आहे. दोन बाजूंना ऊस, एका बाजूला मेथी-कोथिंबिरीचे वाफे. त्याने विजेवरची गाडी बुक केली आणि घरी बसवायच्या चार्जरची चार-पाच चित्रे मोबाइलवर काढून माझ्यापुढे धरली. मी तीस वर्षे मुलांना वीजतंत्रीचा धडा दिला, तेव्हा घरातला विजेचा प्रश्न माझ्याकडेच यायचा. ‘‘मामा, तुम्हीच सांगा यातला कोणता घेऊ. हा तीन पॉइंट तीनचा, हा सात पॉइंट चारचा, आणि हा अकराचा. सगळे स्मार्ट आहेत.’’

मी म्हटले, ‘‘आधी घराचं लाईटबिल आण.’’

बिल येईपर्यंत वाचकांना एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. भिंतीवर बसवतात तो डबा खरे तर चार्जर नसतोच. घरातली वीज असते एसी आणि बॅटरीला लागते डीसी. ती बदलून घेणारे यंत्र गाडीच्या पोटातच असते. भिंतीवरचा डबा म्हणजे एक शिकलेला स्विच. तो अर्थिंग तपासतो, गाडी नीट जोडली गेली की नाही ते पाहतो आणि वायरीतल्या एका बारीक तारेवरून गाडीला सांगतो की, बाई, तू इतके अँपिअर घे, त्याहून जास्त नको. त्यामुळे गाडीच्या पोटातले यंत्र ३.३ किलोवॅटचे असेल तर भिंतीवर अकराचा डबा टांगून काडीचाही फायदा नाही. २००१ साली बंगळूरची रेवा आली ती पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर चार्ज व्हायची, आणि लोक ती वर्षानुवर्षे चालवत होते.

शेतकऱ्याच्या घरात किलोवॅट सांगून कळत नाही, एचपी सांगावी लागते. ३.३ किलोवॅट म्हणजे साडेचार एचपी. ७.४ म्हणजे दहा एचपीची मोटार. दाजींना हे सांगितले तेव्हा ते सुपारी कातरायचे थांबले. ‘‘म्हणजे इहिरीवरच्या मोटरीच्या दुप्पट? घरात?’’ होय, घरात. आणि गिझरसारखी पंधरा मिनिटे नव्हे, तासन् तास. साध्या सॉकेटची पकड जरा सैल असली की त्या तासांत ते तापते, पिवळे पडते आणि शेवटी वितळते.

मग हिशेब मांडला. रांजणगावची ये-जा आणि मधली कामे धरून भाच्याचे रोज साठेक किलोमीटर होणार. अशी गाडी किलोमीटरमागे साधारण दीडशे वॅट-तास खाते. चार्ज होतानाची गळती धरली तर रोज दहा युनिटे. ती साडेचार एचपीच्या डब्यावरून तीन-सव्वातीन तासांत भरतात. गाडी घरी उभी असते दहा-बारा तास. मग दहा एचपीची घाई कोणासाठी? ज्याची टॅक्सी आहे, जो दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर फिरतो, त्याने मोठा डबा जरूर घ्यावा. नोकरदाराने शेजाऱ्याचा पाहून घेऊ नये.

बिल आले. मंजूर भार फार थोडा आणि महिन्याचा वापर नव्वद युनिटांच्या आसपास. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: पहिली शंभर युनिटे स्वस्त, तिथून तीनशेपर्यंत दुसरा दर, मग पाचशेपर्यंत तिसरा. महिन्याला गाडीची अडीचशे-पावणेतीनशे युनिटे मिळवली की आक्काचे घर पहिल्या टप्प्यातून उठून थेट तिसऱ्याच्या उंबऱ्यावर जाते. गाडीची वीज मोजताना पहिल्या टप्प्याचा दर लावणारे विक्रेते मी पाहिले आहेत. तो दर तर घरातल्या दिव्या-पंख्यांनीच संपवलेला असतो. शिवाय मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आधी करायचा, गाडी नंतर आणायची. सातच्या पुढचा डबा घ्यायचा तर बहुधा तीन फेजचे मीटर घ्यावे लागते आणि त्याचा स्थिर आकारही जास्त असतो.

इथे दाजींनी मनातली गोष्ट काढली. विहिरीवर पंपाचे कनेक्शन आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ. ‘‘गाडी तिथंच नेऊन लावली तर?’’ असा विचार पुष्कळांच्या मनात येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापर होतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. घरच्या मीटरवर गाडी चार्ज करायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्येच ते मोकळे केले आहे. दाजी पुन्हा सुपारीकडे वळले.

आता अर्थिंग. माझे मत विचाराल तर या सगळ्या खरेदीत पैसे मोजायचे असतील तर ते इथे मोजावेत. वस्तीवरच्या घरांत अर्थिंग म्हणजे बहुतेक वेळा एक सळई ठोकलेली असते, कुठे तीही नसते. पंखा, टीव्ही तसे चालतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा डबा मात्र अर्थिंग सापडले नाही की लाल दिवा लावून बसतो. मग कोणी तरी ‘जाणकार’ येतो, सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक तुकडा जोडतो आणि दिवा हिरवा होतो. सगळे खूश. पण पुढे कधी तरी वाऱ्या-वादळात न्यूट्रलची तार तुटली, तर त्या तुकड्यातून गाडीच्या पत्र्यात वीज उतरते. अनवाणी पोर ओल्या अंगणात गाडीला हात लावते, तेव्हा तिथे कोणता स्मार्टपणा कामाला येणार? असा तुकडा कोणी जोडू लागला तर त्याला पक्कड घेऊन अंगणाबाहेर काढावे.

आम्ही ओसरीपासून चार हातांवर खड्डा घेतला. जमीन मुरमाड, पावसाळ्यात ठीक, वैशाखात वीज झिरपायला नकार देणारी. म्हणून खोल जाऊन पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर आणि वर पाणी ओतायला नरसाळे. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ही आक्काची जबाबदारी; तुळशीला घालतेच, चार पावले पुढे. मीटरपासून डब्यापर्यंत वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यावर वेगळा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली तर क्षणात तोडतो तो हा शेवटचा. डबा बनवणाऱ्याने ज्या प्रकारचा सांगितला असेल तोच बसवावा, दुकानात शिल्लक असलेला नव्हे. भाच्याला या खर्चाची यादी दिली तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, ही तर डब्याइतकीच झाली.’’ झालीच.

मग राहिला ‘स्मार्ट’ हा शब्द. तो परदेशातून आला आहे आणि तिकडे त्याला ठोस अर्थ आहे. ब्रिटनमध्ये ३० जून २०२२ पासून घरी बसवायला विकला जाणारा नवा चार्जर स्मार्टच असावा असा नियम आहे. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते रात्री दहा या गर्दीच्या वेळा टाळून चार्जिंग करण्याची सोय त्यात आधीच लावलेली असते. सगळ्या गाड्या एका ठोक्याला सुरू होऊन झटका बसू नये म्हणून थोडे मागेपुढे सुरू होण्याचीही तजवीज आहे. तिकडे रात्रीची वीज स्वस्त.

आपल्याकडे उलटे होत चालले आहे. सूर्याची वीज दिवसा मुबलक, म्हणून जुलै २०२५ पासून महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत जाहीर झाली. युनिटमागे ऐंशी पैशांपासून पुढे काही वर्षांत एक रुपयापर्यंत. आपल्या बिलावर ती ओळ आहे का, हे ज्याने-त्याने पाहावे. पण नोकरदाराची गाडी त्या वेळात कारखान्याच्या आवारात उभी असते. भाच्याला पाळीने तारले. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो दुपारी निघतो, म्हणजे सकाळभर गाडी घरीच. पहिल्या पाळीला रात्रीशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे त्याला आठवड्याआड बदलता येणारे वेळापत्रक हवे. ते काम पुष्कळ गाड्यांच्या पडद्यावरूनही होते. तेव्हा तेवढ्यासाठी महाग डबा घेण्याआधी गाडीचे पुस्तक वाचावे.

आणि रात्र म्हटली की कवठ्याच्या वस्तीवर पहिला विचार बिबट्याचा येतो. ऊस दाट, त्यातच त्याची वीण. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली, लोक रस्त्यावर उतरले. शेतीला दिवसा वीज द्या ही या भागाची मागणी पाणी देण्याच्या सोयीपुरती राहिलेली नाही. रात्री दारे धरायला माणूस उसात जाऊ नये, हे तिच्या मुळाशी आहे. सौर कृषी वाहिनी योजना याच दिशेची आहे.

म्हणून मी भाच्याला सांगितले की दुकानात एकच प्रश्न विचार: लाईट जाऊन परत आली तर हा डबा आपोआप पुन्हा चालू होतो का, की बटण दाबायला बाहेर यावे लागते? वस्तीवर लाईट रात्रीतून दोनदा जाणे ही बातमी नसते. मोटारी चालू असल्या की दाबही उतरतो. तो मर्यादेखाली गेला की चांगला डबा थांबतो, थांबायलाच हवा. प्रश्न आहे तो सुधारल्यावर काय करतो याचा. जो मुकाट्याने पुन्हा सुरू होतो तो आमच्या लेखी शहाणा. संध्याकाळी उजेडात वायर जोडायची, दार लावायचे आणि सकाळपर्यंत कोणी अंगणात पाऊल ठेवायचे नाही, इतके ज्याला जमेल त्याची पुढची हुशारी मोजावी. विक्रेत्याने दोन डब्यांच्या बाबतीत ‘‘विचारून सांगतो’’ म्हटले. तिसरा त्याने आमच्यासमोर जोडून, मेन स्विच पाडून आणि पुन्हा चढवून दाखवला. वेळापत्रकही डब्याच्या पोटातच राहिले, पुसले नाही.

बाकीच्या हुशारीबद्दल थोडक्यात. घरातला एकूण भार पाहून गाडीचा ओढा कमी-जास्त करणारी सोय मला आवडते. घरगंटी आणि गाडी एकदम चालू झाल्या तर ती मेन पडू देत नाही. भार काठावरचा असेल तर जरूर घ्यावी. कार्ड लावल्याशिवाय सुरू न होणारा डबा रस्त्याला लागून असलेल्या घरांना ठीक, वस्तीवर कार्डच हरवते. आणि मोबाइलच्या अॅपवरच सगळी भिस्त असलेला डबा मी नाकारतो. अमेरिकेत एनेल एक्स वे या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला धंदा आटोपला. घरोघरचे ज्यूसबॉक्स चार्जर गाडी भरत राहतील, पण अॅपचा आधार जाईल, असे ग्राहकांना सांगण्यात आले. तिथे हे झाले. आपल्याकडे तर लाईट गेली की कित्येकदा मोबाइलची रेंजही जाते. ब्लूटूथवर किंवा डब्यावरच्या बटणांनी चालणारा असावा.

छपरावर सौर पॅनेल टाकावे का, हे भाच्याने जाता जाता विचारले. पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे आणि तेवढे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिटे देते, म्हणजे गाडीची सोय होते. फक्त एक ध्यानात घ्यावे: बॅटरीशिवायचे साधे पॅनेल लाईट गेली की तेही बंद पडते, ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तसे केलेले असते. ते पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले.

डबा ३.३ चाच घेतला. ओसरीच्या आतल्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीवर, पावसाची झड येणार नाही आणि वासराचे तोंड पोहोचणार नाही अशा बेताने बसवला. वायर अंगणात लोळू नये म्हणून बाजूला एक आकडा मारला. त्या भिंतीला टेकून कडब्याच्या पेंढ्या लावायची जुनी सवय होती. त्या आक्काने त्याच दुपारी गोठ्याकडे हलवल्या आणि दाजींना बजावले की तिथे विडीसुद्धा ओढायची नाही.